कोमट पाण्यातली कोय

१

थंडी तोंडावर आली की सगळं जग हातमोजे शोधू लागतं. फिटर मात्र त्याच आठवड्यात हातमोजे काढून खुंटीला लावायचा, कारण त्याचं काम उघड्या हाताचं होतं. चार जुन्या इमारती, तळघरात एक म्हातारा बॉयलर आणि भिंतींच्या पोटातून घराघरांतल्या रेडिएटरपर्यंत गरम पाणी नेणारे पाइप, एवढा त्याचा कारभार. कुठला पाइप कुठे जातो याचा नकाशा नव्हता. वसाहतीच्या कमिटीच्या म्हणण्याप्रमाणे तो होता, फक्त सापडत नव्हता, आणि न सापडल्याबद्दल कुणाला जबाबदार धरायचं हे ठरवायला एक पोटकमिटी बसवली होती. फिटरची रीत सोपी होती. एक व्हॉल्व्ह बंद करायचा, वर जायचं आणि पालथा हात रेडिएटरना लावत खोल्याखोल्यांतून हिंडायचं. जी खोली गार पडली ती त्या व्हॉल्व्हची. एकदा कळलं की खाली येऊन व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा. कुणाचं काही बिघडत नाही, थोडा वेळ कुणाचे तरी पाय गारठतात, इतकंच.

त्या वर्षी कमिटीने हीटिंग उशिरा सुरू करायचं ठरवलं. काटकसर म्हणे. कमिटीतले सगळे उन्हाच्या अंगाला राहत होते. फिटर आणि त्याची ताई राहायची उत्तरेला, कामगारांसाठी ठेवलेल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात, जिथे सूर्य फक्त समोरच्या खिडक्यांवरून उसना यायचा.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवून तिनेच त्याला वाढवला. आयुष्यभर तिने लाँड्रीत इस्त्री केली, आणि वाफेत राहून राहून ती ऊब तिच्या अंगातच मुरली होती. लहानपणी शाळेतून आला की तो गारठलेले कान तिच्या तळहातांत द्यायचा. आता त्याची पन्नाशी उलटली होती, सगळी वसाहत त्याला फिटर म्हणायची, आणि ताई अजून ढब्याच म्हणायची. चारचौघांतसुद्धा.

अ‍ॅव्होकाडो शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला होता. ताईने चमच्याने उकरून खाल्ला.

"कसं आहे?"

"साबण चाटल्यासारखं. पण कोय बघ कशी आहे. गुळगुळीत, वजनदार. टाकवत नाही."

तिने कोयीच्या कमरेला तीन टूथपिक टोचल्या आणि रुंद बाजू खाली करून ती पाण्याच्या ग्लासच्या काठावर बसवली. अर्धी पाण्यात, अर्धी वर. ग्लास स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला.

"ताई, हे उष्ण मुलखातलं झाड. या हवेत माणूस धड उगवत नाही, हे काय उगवणार?"

"तू उगवलास की," ताई म्हणाली. "आणि तुला तर मी काड्यासुद्धा टोचल्या नव्हत्या."

२

एका सकाळी खिडकीच्या काचेवर दाट वाफ धरली होती. फिटर फडकं घेऊन पुसायला गेला आणि थांबला. सगळी काच धुरकट, फक्त ग्लासच्या मागे बशीएवढा गोल स्वच्छ. तिथून समोरची इमारत लख्ख दिसत होती.

त्याने ग्लास उचलला. पाणी कोमट होतं.

"ताई, पाणी आत्ता बदललंस का?"

"रविवारी बदललं. का रे?"

"गरम घातलं होतंस?"

"रविवारी घातलेलं गरम पाणी आज गरम राहील? डोकं तळघरात विसरून आलास का?"

पाइपांना लावायचा तापमापक त्याच्या खिशात असायचाच. त्याने तो पाण्यात धरला. ताप नसलेल्या माणसाच्या काखेत दाखवावा तेवढा आकडा त्यावर चढला आणि थांबला. खोलीत तर तोंडातून वाफ निघत होती.

प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि ऊब आली की ती कुठून तरी आलेली असते, हे फिटरला पाठ होतं. त्याच्या धंद्यात फुकट ऊब नसते. तो एकेक कारण तपासत गेला. फ्रिज पलीकडच्या भिंतीला होता. खिडकीच्या भिंतीत पाइप नव्हता, कारण तिथला जुना पाइप त्यानेच कापून काढला होता. बॉयलर बंद. ऊन नाही. शेवटी त्याने ग्लासमधलं पाणी ओतून दिलं, नळाचं बर्फासारखं पाणी भरलं, कोय परत बसवली आणि ओट्याशी उभ्याउभ्या चहा प्यायला. कप विसळून ठेवला तोवर ग्लास पुन्हा कोमट झाला होता.

ताईला तो काही बोलला नाही. जे आपल्यालाच समजलं नाही ते दुसऱ्याला सांगायला त्याला लाज वाटायची.

३

कोय उकलली. मधोमध उभी चीर पडली, आतून पांढरं मूळ खाली सुटलं आणि थोड्याच दिवसांत तांबूस कोंब वर आला. ताई हरखून गेली. खुर्ची ओढून ती खिडकीशी बसायची, पानं मोजायची, धूळ पुसायची.

"तुमचं आलं?" डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या. "या खिडकीत? माझे सगळे कुजले हो. दिवा लावला, काचेची पेटी केली, तरी एकाला मोड आला नाही. काय घालता तरी काय?"

"काही नाही. माझ्याशेजारी बसवते," ताई म्हणाली. "लाड करायला दुसरं आहे कोण? हा घोडा झालाय."

ती बोलताना शालीची टोकं छातीशी धरून होती. फिटरने ते पाहिलं. ताईला त्याने कधी शाल पांघरलेली पाहिली नव्हती. लाँड्रीतल्या बायका तिच्या पाठीला पाठ लावून बसायच्या. त्याने चहाचा कप तिच्या हातात देताना मुद्दाम बोटं लावून बघितली. बाहेरच्या लोखंडी कठड्याला हात लागावा तशी ती लागली.

"ताई, हात किती गार."

"हीटिंग सुरू कर की मग. घरात फिटर असून ही तऱ्हा."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट घेऊन त्या हसतच आल्या. "उत्तम आहे सगळं. तरुण मुलीचा असावा असा."

"मग तिला थंडी का वाजते?" फिटरने विचारलं.

"थंडी आहे म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

४

अखेर कमिटीने दया केली. बॉयलर पेटला, पाइप कुरकुरले, रेडिएटर तापले. फिटरने स्वतःच्या घरातल्या सगळ्या रेडिएटरवरून पालथा हात फिरवला. ठेवता येणार नाही इतके गरम. घरात दोन माणसं, त्यातला एक बनियनवर, आणि दुसरी दोन स्वेटर, शाल, पायमोजे घालून रेडिएटरला टेकून बसलेली, ओठ पांढरे.

कुठेतरी फट असणार. ऊब येते आणि निघून जाते म्हणजे फट असणार. फट शोधायची त्याची युक्ती अशी की टिश्यू पेपरची पातळ पट्टी धाग्याला बांधायची आणि दारंखिडक्यांच्या कडेने सावकाश न्यायची. जिथे वारा असेल तिथे पट्टी कलते. त्याने सगळ्या खिडक्या पाहिल्या. दार पाहिलं. पट्टी सरळ लोंबत राहिली, जरासुद्धा हलली नाही.

खोलीच्या मधोमध, ताईच्या खुर्चीपाशी, ती कलली.

स्वयंपाकघराच्या दिशेने कलली आणि तशीच राहिली, कुणीतरी पलीकडून हलकेच ओढून धरावी तशी. फिटरने श्वास रोखला. पट्टी कललेलीच. तो ताईच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथे सरळ.

"ताई, जरा खुर्ची इकडे घेऊ?"

"घे. मी पण फर्निचरच."

त्याने तिला खुर्चीसकट पलीकडच्या भिंतीशी सरकवलं. धागा धरला. पट्टीने तोंड वळवलं आणि ताईकडून पुन्हा स्वयंपाकघराकडे कलली, भिंत ओलांडून, खिडकीतल्या त्या झाडाकडे.

"काय रे?"

"फट आहे कुठेतरी."

"माझ्यात?" ताई हसली.

फिटर हसला नाही. त्याने पट्टी चुरगळून खिशात टाकली. दारातून त्याला खिडकी दिसत होती. झाडाला नवीन पान फुटलं होतं, लांब, ओलसर, तजेलदार.

५

जे केलं ते त्याने रागाने केलं आणि रीतीने केलं. आयुष्यभर हेच तर करत आला होता. शंका आहे ना, मग बंद करून बघायचं, काय गार पडतं ते. पुन्हा उघडता येतंच.

दुपारी ताईचा डोळा लागल्यावर त्याने ग्लास उचलला आणि बाल्कनीत कठड्याशी नेऊन ठेवला. बाहेर सगळं पांढरं होतं, दोऱ्यांवरचे चिमटेसुद्धा दहिवराने सुजलेले. त्याने दार लावून घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. कमिटीच्या अध्यक्षांच्या न्हाणीघरातला रेडिएटर गुडगुडत होता.

"पाच मिनिटांचं काम आहे," अध्यक्ष म्हणाले होते. काम तेवढंच होतं, पण त्यानंतर भाषण होतं. पाण्याचं तापमान अजून कसं उतरवता येईल, लोकांना उबेची सवय कशी लागते, सवयी कशा मोडाव्या लागतात. फिटर पाना हातात धरून उभा होता. शेवटी तो वाक्याच्या मध्येच निघाला आणि जिना चढताना कधी धावायला लागला हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

ताई खुर्चीत होती. शाल खाली पडली होती. ती कुडकुडत नव्हती. तेच वाईट होतं. ओठ शाई लागल्यासारखे. डोळे अर्धवट उघडे, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"ताई! ए ताई!"

त्याने तिचे हात चोळले. डॉक्टरीणबाईंच्या दारावर मुठी आपटल्या. त्या दवाखान्यात होत्या. रुग्णवाहिकेच्या नंबरवर एका गोड आवाजाने त्याला रांगेत उभं केलं आणि संगीत लावून दिलं. माणूस मरतोय, असं त्याने त्या संगीताला दोनदा ओरडून सांगितलं. मग त्याने बाल्कनीच्या दाराकडे बघितलं. त्याची बुद्धी नाही म्हणत होती. पाय निघाले.

ग्लासवर बर्फाची साय धरली होती. शेंड्याची पानं काळी पडून लोंबत होती. त्याने ग्लास स्वेटरखाली घालून पोटाशी धरला, इतका गार की त्याच्या तोंडून किंकाळी फुटली. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा, ताईने श्वास ओढला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. "ठीक आहेत आता. हीटर लावत जा हो."

"हीटर लावायचं कामच माझं आहे," फिटर म्हणाला. त्याच्या पोटावर ग्लासचा लाल गोल उठला होता.

६

ताई सावरली, पण तिच्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांची संवेदना गेली. सुई टोचली तरी कळेना. त्याच सुमाराला झाडाचा काळेपणा शेंड्यावरून खोडात उतरू लागला. सकाळी बघावं तर काळं आणखी खाली. सकाळी विचारावं तर ताई म्हणायची, "आता तळहातापर्यंत आलंय. आता मनगट."

मग त्याने तिला सांगितलं. कोमट पाणी, पट्टी, बाल्कनी, सगळं.

ताईने ऐकून घेतलं. "म्हणजे तू मला बाल्कनीत ठेवलंस."

"ताई, मला काय माहीत..."

"व्हॉल्व्ह बंद करून बघितलास. बहिणीचा." ती मोठ्याने हसली. ती रडली असती तर फिटरला परवडलं असतं. मग तिने आपला हात उलटसुलट करून पाहिला. "फेकता येत नाही. मरू देता येत नाही. मग काय करायचं ते तरी सांग. घरातला कर्ता ना तू?"



सांगितलं डॉक्टरीणबाईंनी, येताजाता, अगदी सहज. "काळा भाग कापून टाका, नाहीतर अख्खं खोड जाईल. आणि भिऊ नका, शेंडा सगळेच खुडतात. त्याने झाड दाट होतं."

"आणि माझा हात?" ताईने विचारलं.

"हाताला चोळत राहा."

त्याने खोडाकडे पाहिलं. काळं आणि कोय यांच्यात फारच थोडं हिरवं उरलं होतं. कापलं तर काय होईल माहीत नव्हतं. नाही कापलं तर काय होईल ते दिसत होतं.

"तू काप," ताई म्हणाली. "माझ्याच्याने व्हायचं नाही." तिने शिवणाची कात्री त्याच्या हातात दिली आणि ओट्याला घट्ट धरून उभी राहिली.

त्याने काळ्याच्या खाली, हिरव्यात कात्री लावली. कच्चकन आवाज झाला. तो ताईकडे बघायला घाबरत होता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"अरे, मला काहीच नाही झालं!" ती म्हणाली. मग हळूच, "ढब्या, हात दे इकडे." तिचा तळहात कोमट होता. त्या दिवशी दोघं किती दिवसांनी पोटभर जेवली. दोन बोटं बधिर राहिली ती राहिली, पण आठवडाभरात ताईने स्वेटर उतरवला, मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल उघडलं आणि घरातला दिसेल तो कपडा कडक करायचा सपाटा लावला. फिटरच्या मोज्यांनासुद्धा घडी पडली.

खोडावर कापल्या जागेखाली दोन्ही बाजूंना दोन बारीक डोळे फुगले होते. कुठल्याही झाडाला फुगतात तसेच.

७

डोळ्यांचे कोंब झाले. सारख्या उंचीचे, सारख्या रंगाचे, एकमेकांकडे पाठ केलेले दोन कोंब.

एका दुपारी फिटर जेवायला घरी आला तेव्हा मागच्या खोलीतून इस्त्रीचा आवाज येत होता. तो आवाज ऐकतच तो मोठा झाला होता. कापडावरून फिरलेले दोन लांब हात, मग धप्प, मग वाफेचा सुस्कारा. दार लोटलेलं होतं.

"ताई, जेवलीस का?" बूट काढता काढता त्याने विचारलं.

"हं," आतून आवाज आला.

त्याने हात धुतले, ताट घेतलं. तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली आणि ताई आत आली. खांद्याला भाजीची पिशवी, पायात दुहेरी गाठ मारलेले बूट, नाक लालबुंद.

"कुणाशी बोलत होतास?" तिने विचारलं.

आत इस्त्री धप्प झाली.

फिटरने ताट ठेवलं. मागच्या खोलीचा रेडिएटर वर्षानुवर्षं बंद होता, तिथे पाणी जातच नव्हतं. त्याने दाराला पालथा हात लावला. लाकूड कोमट होतं, अंगाएवढं.

त्याने दार वीतभर ढकललं.

आत वाफ होती. वाफेत एक पाठ, मानेवर बसवलेला अंबाडा, त्यातून नेहमीसारखी सुटलेली एक बट. शर्टाच्या बाहीवरून सपाट फिरणारा डावा हात. त्याची पाचही बोटं गुलाबी होती. चेहरा त्याला दिसला नाही, आणि तो दिसावा असं त्याला वाटलंही नाही.

"दार लाव रे ढब्या," ती मागे न वळता म्हणाली. "ऊब जातेय."

आणि त्याने लावलं. लहानपणापासून तो त्या आवाजाचं ऐकत आला होता. हाताने विचारलंच नाही.

ताईने त्याचं मनगट धरलं होतं. तिची बोटं त्याच्या कातडीवर गार पडत चालली होती, घटकेघटकेला. त्याने वळून पाहिलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती. शाळेत त्याला विनाकारण मारलं होतं तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरताना तिचा जो चेहरा होता, तोच होता.

"माझ्या इस्त्रीला हात लावते?" ती म्हणाली.

"ताई, नको जाऊस."

"सोड. घर माझं आहे, भाऊ माझा आहे. मी काय जिन्यात उभी राहू?"

ती बुटांसकट आत गेली आणि दार लागलं. त्या दाराला आतून कडी नव्हती. तरीही फिटरने खांदा लावला तेव्हा ते उघडेना. पलीकडे कुणी पाठ टेकून बसल्यासारखं जड. आत बोलणं चाललं होतं. आवाज दोन नव्हते, एकच होता, काम करता करता माणूस स्वतःशी बोलतं तसा, फक्त मध्येमध्ये तो आवाज स्वतःला उत्तर देत होता. "ताई!" त्याने हाका मारल्या. भिंतीपलीकडे डॉक्टरीणबाईंच्या घरी टीव्ही चालू होता. तो दारावर आपटत राहिला, मग नुसता टेकून राहिला.

बोलणं थांबलं. दोन लांब हात. धप्प. सुस्कारा.

दार सहज उघडलं. शर्टांची चवड छातीशी धरून ताई बाहेर आली. पायात घरातल्या सपाता.

"अजून जेवला नाहीस? ताट गार झालं असेल."

"आत कोण होतं?"

"कुठे?" ती म्हणाली, आणि त्याच्या गालाला हात लावला. उबदार हात.

स्वयंपाकघराच्या खिडकीत दोनपैकी एक कोंब ग्लासच्या काठावरून खाली मान टाकून पडला होता. कुठला, ते त्याला सांगता आलं नसतं. ते आधीही सांगता आलं नव्हतं.

८

त्याने तिला सगळं विचारून पाहिलं. आईची साडी कुठल्या रंगाची होती. तापात त्याने काय बडबड केली होती. पहिल्या पगारातून तिने त्याला काय आणलं होतं. तिला सगळं माहीत होतं. त्याला आठवत नव्हतं तेसुद्धा. "परीक्षा घेतोस का रे माझी?" ती म्हणायची, आणि डोक्यात टपली मारायची. टपलीही तिचीच होती.

मागच्या खोलीत जायला त्याला धीर होईना. गेला तेव्हा खोली रिकामी होती आणि उबदार होती. टेबलामागे, टाचा खोलीकडे आणि चवडे भिंतीकडे करून, ताईचे बाहेर जायचे बूट उभे होते. दुहेरी गाठ तशीच बांधलेली. नाडी न सोडता त्यातून पाय निघाला नसता. त्याने वाकून आत पाहिलं. बुटांच्या आतून, घोट्यापासून तळापर्यंत, पांढरं दहिवर धरलं होतं.

तो कुणाला सांगणार होता? रुग्णवाहिकेच्या संगीताला? कमिटीला? त्याने बूट उराशी धरून तळघरात नेले आणि बॉयलरच्या पाठीला, सगळ्यात गरम जागी ठेवले. रोज सकाळी तो हात घालून बघायचा. आतलं दहिवर वितळत नव्हतं.

एकदा ताई इस्त्री तापली का बघायला डाव्या हाताची शेवटची दोन बोटं ओली करून तळाला लावत होती. चर्र झालं.

"आई गं! भाजलं की रे!"

फिटर तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"बघतोस काय? पाणी आण. अरे हो, बोटं बरी झाली माझी!" तिचा चेहरा आनंदाने फुलला. तिने भिंतीवर थापा मारून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी बोटं दाबून पाहिली, वाकवून पाहिली, आणि म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, चोळत राहा म्हणून. अगदी नवीन हात दिसतोय."

"बघ," ताई त्याला म्हणाली. "उगाच घाबरतोस."

त्या गेल्यावर तिने त्याला खिडकीशी नेलं. मेलेला कोंब तिने कधीच खुडून टाकला होता. उरलेला भराभर वाढून खिडकीच्या अर्ध्यापर्यंत पोचला होता, सरळसोट, पानं हिरवीगार. समोरची इमारत आता सगळीच्या सगळी दिसत होती. त्या काचेवर वाफ कुठेच धरत नव्हती.

"शेंडा खुडायला झालाय," ताई म्हणाली. "नाहीतर नुसता उंच जाईल, एकटाच. आता चांगला जून झालाय. दोन-तीन ठिकाणी खुडलास तर छान दाट होईल, घर भरल्यासारखं वाटेल."

"नको, ताई."

"नको काय? मागच्या वेळी तूच खुडला होतास. तुझ्या हाताला गुण आहे." तिने कात्री त्याच्या हातात दिली आणि तो ती खाली ठेवेल म्हणून की काय, आपली बोटं त्याच्या बोटांवर मिटून घेतली. तिचे हात भारी उबदार होते. सुटायला जागा नव्हती, आणि इतक्या थंडीत त्या हातांतून हात सोडवून घ्यावा असं त्याला वाटतही नव्हतं, याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"खुड ना," मागच्या खोलीतून ताईच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं.